आषाढ गाठणारं वजन

उत्साही : मेंढी आयुष्यात किती कोकरं देणार, याचा बराचसा निकाल ती स्वतः कोकरू असतानाच लागतो, काही अंशी तर ती आईच्या पोटात असतानाच. आपल्याकडे सगळं लक्ष व्यायला आलेल्या मेंढीवर असतं. खुराक द्यायचा झाला तर तिला. दूध तुटलेलं मादी कोकरू मात्र कळपामागून चालत राहतं आणि कधी तरी माजावर येतं, एवढीच त्याची नोंद. स्कॉटलंडच्या हिल फार्मिंग रिसर्च ऑर्गनायझेशनमधल्या आर. जी. गन यांचं ब्लॅकफेस मेंढ्यांवरचं काम 1977 साली प्रसिद्ध झालं. जन्माआधीच्या सहा आठवड्यांपासून वयाच्या बारा महिन्यांपर्यंत काही माद्यांना त्यांनी चांगल्या पोषणावर ठेवलं, काहींना बेताच्या. मोठ्या झाल्यावर दोन्ही गटांची पुन्हा चांगल्या आणि वाईट परिस्थितीत विभागणी केली. बालपणाचा ठसा पुढच्या वेतांवर उरला. त्याच्याही मागे जा. मादी गर्भाच्या अंडाशयात बीजांडांचा साठा तयार होतो तो गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात आणि त्याच्या थोडं पुढे. गाभण काळ पाच महिन्यांचा. त्यातले पहिले तीन महिने आई उपाशी राहिली, तर मादी गर्भाच्या अंडाशयाची वाढ मागे पडते आणि ती लेक मोठेपणी एका माजात कमी बीजांडं सोडते, असं स्कॉटलंडमध्येच पुढे झालेल्या प्रयोगांत दिसलं. नर पिल्लांवर तसा परिणाम आढळला नाही. म्हणजे आजीच्या पोटाला चिमटा बसला, तर नातवंडांची संख्या घटते.

साशंक : ऐकायला भारी वाटतं, म्हणूनच मी जरा सावध होतो. तुमचे प्रयोग आपल्या पंचांगावर मांडून पाहा. दख्खनी मेंढीचा मुख्य हंगाम धरा. पावसाचं पहिलं गवत वर आलं की आषाढात मेंढ्या फळतात आणि कार्तिक-मार्गशीर्षात वितात. अंडाशय घडण्याचे ते नाजूक तीन महिने कुठे येतात? श्रावण, भाद्रपद, आश्विन. माळावर वर्षातलं सगळ्यात जास्त हिरवं असतं ते याच दिवसांत. म्हणजे पोटातल्या लेकीच्या अंडाशयाची काळजी आमच्या मेंढपाळाने, शास्त्राचं एक पान न वाचता, पिढ्यानपिढ्या घेतलेली आहे. तुमचा सगळ्यात चमकदार मुद्दा इथे सगळ्यात कमी कामाचा.

दुसरी हरकत त्याहून मूलभूत. मादी उशिरा वयात येते, याला तुम्ही खोट म्हणाल. मी संरक्षण म्हणेन. ज्या पठारावर चार वर्षांत एकदा पाऊस दगा देतो, तिथे अंगात चार किलो राखीव नसताना गाभण राहणारी मादी स्वतःही जाते आणि पोटातलंही घेऊन जाते. थांबणारी जगते. आज कळपात उभ्या असलेल्या मेंढ्या या अशा थांबणाऱ्यांच्या लेकी आहेत. तुम्ही त्यांना घाई करायला शिकवणार आणि पुढच्या दुष्काळात त्याचा हिशेब कोण देणार?

उत्साही : पंचांगाचा मुद्दा निम्मा मान्य. निम्माच, कारण पावसाळा म्हणजे मेजवानी हे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं. त्या दिवसांत शेतात पीक उभं असतं. कळपाला उरतं गायरान आणि डोंगराची कड. वनखात्याची हद्द लागली की तीही नाही. ओल्या गवतातून जंत पोटात जातात, खुरं कुजतात. हिरवं दिसतं तेवढं अंगी लागत नाही. तरीही गर्भातल्या अंडाशयापेक्षा मोठी अडचण दुसरीकडे आहे, हे तुम्ही मला दाखवलंत. तिकडे येतोच.

आधी थांबण्याबद्दल. मादी कशासाठी थांबते, हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. वयात येण्याची सुरुवात अंडाशयात होत नाही, मेंदूत होते. मेंदूतून ठरावीक अंतराने निघणाऱ्या संप्रेरकांच्या झटक्यांवर सगळं चालतं. लहानपणी अंडाशयातून येणारं थोडंसं इस्ट्रोजेनसुद्धा हे झटके दाबून ठेवायला पुरतं. अंग भरत जातं तसा हा दाब कमी होतो. चरबीतून रक्तात जाणारं लेप्टिन, इन्शुलिन, रक्तातली साखर या सगळ्यांतून मेंदूला शिल्लक कळते. मिशिगन विद्यापीठात डग्लस फॉस्टर यांनी मादी कोकरांचा आहार तोडून त्यांची वाढ रोखून धरली. वय सरलं तरी ती वयात आली नाहीत. पोटभर खायला दिल्यावर झटक्यांचा वेग वाढला आणि माज आला. तेव्हा तुमचं संरक्षण खरं आहे आणि ते उलटवताही येतं. मी त्या मादीला घाई करायला शिकवत नाही. तिच्या अंगात शिल्लक टाकली की ती स्वतःच ठरवते. दुष्काळी साली शिल्लक नसेल तर ती पुन्हा थांबेल. यंत्रणा तुमचीच, मी फक्त भरणा करतो.

साशंक : फॉस्टर यांची कोकरं मिशिगनची. तिथे दिवस लहान-मोठा होण्यात उन्हाळा-हिवाळ्यात सहा तासांच्या आसपास फरक पडतो आणि तिथल्या मेंढ्या दिवस आखूड व्हायला लागले की माजावर येतात. वसंतात जन्मलेलं कोकरू शरद ऋतूपर्यंत पुरेसं वाढलं नाही, तर ते एकदम पुढच्या वर्षावर जातं. म्हणून तिथे चार किलोची उणीव एका वर्षाला महाग पडते. फलटण-बारामतीकडे हाच फरक सव्वादोन तासांचा. आपल्या मेंढ्या वर्षाच्या कोणत्याही महिन्यात माजावर येऊ शकतात. आज वजन कमी पडलं तर दोन महिन्यांनी येतील. एवढ्यासाठी कशाला पेंड घालायची?

उत्साही : इथे तुम्ही स्वतःचंच पंचांग विसरलात. मेंढी कधीही माजावर येऊ शकते, पण कोकरू कधीही जगू शकत नाही. कार्तिक-मार्गशीर्षात जन्मलेल्या मादीचा प्रवास बघू. फाल्गुनाच्या सुमारास दूध तुटतं, तेव्हा ती दहा-बारा किलोंची असते. पुढे चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. मेंढपाळांचे काही वाडे, म्हणजे फिरते तळ, घाट उतरून कोकणात असतात. तिथे भात निघालेल्या खाचरांत बसतात आणि झाडपाल्यावर भागवतात. काही देशावरच राहतात, त्यांच्या वाट्याला उन्हाळा. आषाढात ही मादी सात-आठ महिन्यांची होते. दख्खनी मेंढी पूर्ण वाढल्यावर सर्वसाधारण तीस किलोंच्या आत-बाहेर भरते आणि पूर्ण वजनाच्या साठ-पासष्ट टक्क्यांशी मादी फळवण्याजोगी होते, असं जगभर धरलं जातं. म्हणजे अठरा ते वीस किलो. आषाढात ती तिथे पोचली तर फळेल. नाही पोचली आणि माघात फळली, तर व्यायला येईल ती आषाढ-श्रावणात. भर पावसात, उघड्या वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, दोन दिवसांचं ओलं कोकरू. म्हणून शहाणा मेंढपाळ तो माज वाया जाऊ देतो आणि मादी जाते पुढच्या आषाढावर. मिशिगनमध्ये जे काम उजेड करतो, ते इथे पाऊस करतो. वाफसा गेला की पेरणी गेली, तसं आहे हे. आपल्या मादीला दोनच दारं आहेत, आठ महिन्यांचं आणि वीस महिन्यांचं. मधली भिंत आहे.

आता हिशेब करा. दूध तुटताना अकरा किलो, आषाढात एकोणीस-वीस. साडेचार महिन्यांत आठ-नऊ किलो, म्हणजे दिवसाला साधारण 65 ग्रॅम वाढ. हे काही आकाशातले तारे नाहीत. थोडी शेंगदाणा पेंड, मूठभर भरडा, सुबाभळीचा पाला. मघाशी म्हणालो ती अडचण हीच. गर्भातले महिने नव्हेत, दूध तुटल्यापासून पावसापर्यंतचे साडेचार महिने. संशोधनाच्या दृष्टीने यात काही नवलाई नाही; कोणी यावर भाषण करत नाही.

(इथे मध्येच एक शब्द घालतो. साशंकाने पंचांग काढलं नसतं, तर उत्साही अजून अंडाशयातच अडकून पडला असता. चांगल्या हरकतीने समोरच्याचं म्हणणं पडतंच असं नाही. कधी ते योग्य जागी जाऊन बसतं.)

साशंक : दोन दारांची मांडणी मी घेतो. पण आठ महिन्यांच्या दारातून आत गेल्यावर काय होतं, हे तुम्ही सांगितलं नाहीत. ते मी सांगतो, आणि तुमच्याच शास्त्रातून. ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेत जॅकलिन वॉलेस यांनी कोवळ्या मेंढ्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. प्रौढ मेंढ्यांचे गर्भ काढून एकेक गर्भ कोवळ्या माद्यांच्या गर्भाशयात ठेवला, म्हणजे बीजांड कच्चं होतं अशी सबब उरू नये. मग काही माद्यांना बेताचं खायला दिलं, दिवसाला साधारण 75 ग्रॅम वाढ होईल एवढं. काहींना भरपूर, त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने वजन वाढेल असं. कोणाचं पिल्लू मोठं व्हावं? मी तरी दुसऱ्या गटाचं म्हणालो असतो. झालं उलटं. भरपूर खाणाऱ्या मादीचं खाणं तिच्याच अंगाला लागत राहिलं. वार खुरटली. पिल्लू हलकं जन्मलं, दिवस भरण्याआधी जन्मलं आणि चीकही कमी. दावण भरलेली आणि पोटातलं उपाशी. प्रौढ मेंढीत असं होत नाही, कारण तिची स्वतःची वाढ संपलेली असते. कोवळ्या आईत मात्र दोन वाढी एकाच ताटात हात घालतात, आणि आई जिंकते.

मेंढ्यांचं उत्पन्न वाढवणं हा त्या प्रयोगांमागचा मुख्य हेतू नव्हता. कोवळ्या वयात गरोदर राहणाऱ्या मुलींचं काय होतं, हे समजून घ्यायला मेंढी निवडली होती. हे मला माहीत झालं तेव्हापासून आठ महिन्यांच्या दाराबद्दल बोलताना माझा आवाज तुमच्याइतका मोकळा लागत नाही. माणसाच्या बाबतीत आपण ज्याला अत्याचार म्हणतो, त्याला जनावराच्या बाबतीत उत्पादकता म्हणायचं असेल तर म्हणा, पण निदान थबकून म्हणा.

शिवाय कासेचंही आहे. वयात येण्याआधीच्या काही आठवड्यांत कासेतली दुधाची ऊती अंगापेक्षा वेगाने वाढते. नेमक्या त्या वेळी फार खुराक झाला तर तिथे चरबी बसते आणि दुधाची जागा घटते. गाईच्या कालवडींत हे माहीत आहे, मेंढ्यांतही दिसलं आहे. म्हणजे तुमची पेंड एका हाताने वर्ष वाचवते आणि दुसऱ्या हाताने दूध काढून घेते.

उत्साही : थबकायला हरकत नाही, मी थबकलो. पण वॉलेस यांचं काम तिथेच सोडू नका, पुढचा भाग जास्त बोलका आहे. त्यांनी गर्भारपणाच्या पन्नासाव्या दिवशी आहार अदलाबदल केला. आधी भरपूर आणि मग बेताचं दिलं, तेव्हा वार नीट वाढली. आधी बेताचं आणि मग भरपूर दिलं, तेव्हा वार खुरटली. म्हणजे दोष खाण्यात नव्हता, वेळेत होता. वार जोमाने वाढण्याच्या दिवसांत आईची स्वतःची वाढ उधळलेली नको, एवढाच अर्थ मी काढतो. मी सांगतोय तेही हेच : वजन आषाढाआधी गाठा, आषाढानंतर संथ ठेवा. राहिली कास. 65 ग्रॅमच्या वाढीने चरबी चढत नाही; तो धोका कोठ्यात बांधून धान्य चारणाऱ्यांचा. आणि आमच्या माळावर कोणी मेंढीला दिवसाला पाव किलो वाढ होईल इतकं चारत असेल तर मला तो कळप बघायचा आहे.

साशंक : अति चारण्याची भीती मलाही नाही. उलटी भीती आहे. त्याच संस्थेत कोवळ्या गाभण मेंढ्यांचं वजन मुळीच वाढू न देताही पाहिलं गेलं. वार फारशी खुरटली नाही, पण पिल्लू तरीही हलकं भरलं आणि आईची अंगातली शिल्लक संपली. आमच्या पठारावर आश्विनात पाऊस तुटला की हेच होणार. तुम्ही वैशाखात पेंड घालून मादीला आठ महिन्यांच्या दारातून आत ढकललंत, आणि कार्तिकात द्यायला तुमच्याकडे काही नाही. मग ती थांबूही शकत नाही, कारण ती आता गाभण आहे. मघाशी म्हणालात, शिल्लक नसेल तर ती स्वतःच थांबेल. ती थांबते फळण्याआधी. फळल्यानंतर तो अधिकार तिचा उरत नाही. आणि तुमचा भरणा नेमका फळण्याआधीचा आहे.

उत्साही : हा मार मला लागला. म्हणून दोन गोष्टी एकत्र करायला हव्यात. चारायचं, पण फळवणं रोखायला मेंढ्याच्या पोटाखाली फडकं बांधायचं. आषाढात मादी अठरा किलोंच्या वर असेल तरच मोकळीक. उरलेल्या माद्या वाढू द्यायच्या आणि वीस महिन्यांच्या दाराने जाऊ द्यायच्या. त्यांचंही चारणं वाया जात नाही, कारण गन यांचं म्हणणं खरं असेल तर ते पुढच्या वेतांत उतरतं. लवकर फळवणं आणि लवकर पोसणं या मी एकच गोष्ट असल्यासारखा बोलत होतो. त्या दोन आहेत. पोसण्याची बाजू मी सोडणार नाही. फळवण्याची बाजू सालागणिक ठरेल.

साशंक : आता बोलणं जमिनीवर आलं. मग पैशाचं बोलू. चैत्रात पेंडीचं पोतं कोण आणतो आणि कशासाठी? नर कोकरू तीन-चार महिन्यांत बाजारात जातं, चार पैसे हातात येतात. मूठभर भरडा असेल तर तो नराच्या तोंडी जाणं हा हिशेब आहे, आडमुठेपणा नाही. मादीचा परतावा दोन वर्षांनी. सरकारची महामेष योजना बघा, तिचा गाभा वीस मेंढ्या आणि एक मेंढा. आपली कल्पनाशक्ती जनावरांच्या संख्येत चालते, त्यांच्या चैत्र-वैशाखात चालत नाही. वाडा चालता असतो, तिथे काटा कुठला आणि अठरा किलो कोण मोजणार?

उत्साही : काट्याचं सोडा. छातीचा घेर मोजायला सुतळी पुरते, आणि मेंढकी नुसत्या हाताने पाठ चाचपून तुमच्या काट्याच्या जवळ येईल. पण एक गोष्ट तुम्ही लक्षात घेतली नाहीत, आणि तिच्यामुळे हा प्रश्न पुढे ढकलता येणार नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गारोळे मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणलं. त्याला फेक-बी म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनोमध्ये हेच जनुक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून तिकडे गेलेल्या मेंढ्यांकडून ते आलं असावं, असं मानतात. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. या जनुकाची एक प्रत असलेली सरासरी दीडच्या आसपास देते. मोठं काम आहे. पण जुळी जन्मतात ती हलकी, आणि एका आईचं दूध दोघांत. त्यांतली मादी फाल्गुनात अकरा किलोंची नसते, आठ-नऊची असते. आणि जुळं देणारं जनुक हवं म्हणून आपण कळपात ठेवणार नेमकी तिलाच. ज्या मादीकडून सगळ्यात जास्त अपेक्षा, तिचीच सुरुवात सगळ्यात मागून.

साशंक : तिला साडेचार महिन्यांत वीस किलोंवर न्यायचं तर रोजची वाढ 65 ग्रॅम नाही, 85 लागेल. मूठभर भरड्याने हे होणार नाही. आणि तुमच्याकडे पोतं एकच आहे. चैत्रात कळपात काही माद्या तेरा किलोंच्या, काही नऊच्या. तेरावाल्यांना दिलंत तर त्या आषाढ नक्की गाठतील, पोतं कारणी लागेल. नऊवाल्यांना दिलंत तर बहुतेक गाठणार नाहीत. व्यवहार म्हणतो, काठावरच्यांना द्या. पण तसं दरवर्षी केलंत तर आठ महिन्यांच्या दारातून आत जाणाऱ्या सगळ्या एकुलत्या जन्मलेल्या, आणि फलटणचं जनुक वाहणाऱ्या जुळ्या लेकी कायम एक वर्ष मागे. एका हाताने आणलेलं दुसऱ्या हाताने मागे लोटल्यासारखं.

उत्साही : मग पोतं चैत्रात उघडायचंच नाही. मार्गशीर्षात उघडायचं आणि जुळी व्यालेल्या आईला द्यायचं. दूध वाढलं की नऊची मादी अकराची होऊन दूध सोडेल.

साशंक : मार्गशीर्षात वाडा घाटाच्या वाटेवर असतो. कोकरं घोड्यावर, आया पायी, रोज नवा मुक्काम. अंधार पडता पडता वाघर लागतं तेव्हा शंभरातल्या कोणत्या बारा मेंढ्या जुळ्यांच्या, हे मेंढकीला ठाऊक असेल. पण त्या बारांना वेगळं खायला घालायला दुसरं वाघर लागतं, ते वाहायला दुसरं घोडं, आणि रात्रभर राखायला आणखी एक माणूस. तुमच्या पोत्याची किंमत मला सांगता येते. या माणसाची मजुरी कोणाच्या खात्यावर घालायची, तेवढं आधी सांगा.